प्रत्येक प्रश्नाला एंटर

आमच्या घरात प्रश्न पुरता ऐकून घ्यायची पद्धत नव्हती. बाबांनी तोंड उघडलं की शेवटचा शब्द यायच्या आत 'हाव' म्हणून मोकळं व्हायचं. पाणी भरलं का, हाव. अभ्यास झाला का, हाव. तुले अक्कल आहे का नाही, हाव. यातल्या कशाला नाही म्हणायचं असतं, हे ठरवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात बाबांचा हात येऊन जायचा, म्हणून ठरवायच्या भानगडीत कोणी पडत नसे. आजही ओळखीतले लोक म्हणतात, वर्षाताई कशा चटकन होकार देतात, किती गोड स्वभाव. स्वभाव कसला डोंबलाचा. ती सवय आहे, मार खाऊन लागलेली, आणि तिनं एकदा माझ्या हातून काय करवलं ते मला इथं लिहायचं आहे.

बाबा मूळचे वर्ध्याकडचे, दुर्गजवळच्या स्टील प्लांटमध्ये चार्जमन, म्हणजे पाळीवरच्या कामगारांवर देखरेख करणारे. सेक्टर सहामधल्या आमच्या क्वार्टरला दोन खोल्या, पुढं व्हरांडा, मागं आंगण. एका बाजूला तेलुगू बिऱ्हाड, दुसऱ्या बाजूला बिहारी, त्यामुळे दाराबाहेर सगळा कारभार हिंदीत चालायचा आणि मराठी तेवढी उंबऱ्याच्या आत. माझ्या लेखी मराठी ही बराच काळ मार खायची भाषा होती. बाबांची स्कूटर गल्लीच्या तोंडाशी आली की नुसत्या आवाजावरून आई ओळखायची, आज कसं आहे ते. ती आधी कुकर गॅसवरून उतरवायची, कारण शिट्टी बाबांना खपत नसे. मग रेडिओ बंद. दादा पुस्तक उघडून बसायचा, मी व्हरांड्यातल्या चपला ओळीत लावायची. स्कूटरचं स्टँड खट्ट वाजलं की आम्ही तिघंही श्वास धरून. आमच्या स्वयंपाकघरात पोचा न पडलेलं भांडं नव्हतं. पाहुणे येणार असले की आई फळीवरचं एकेक पातेलं फिरवून पोचा भिंतीकडे करायची.

मला फारसा मार पडला नाही, वर्षातून चार-दोन थपडा. बाबांचा माझ्यावर जीव होता म्हणून नव्हे. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा माझा भाऊ विनोद, तो मध्ये उभा असायचा म्हणून. बाबा मधल्या खोलीत येऊन विचारायचे, "कोनं केलं?" आणि दादा म्हणायचा, "मी." काच फुटली, मी. नळ उघडा राहिला, मी. एकदा बाबांच्या घड्याळाचा पट्टा माझ्या हातून तुटला तेव्हा दादा शाळेत होता, तरी घरी आल्यावर दप्तर न उतरवता त्यानं "मी" म्हटलं, आणि तो शाळेत होता हे बाबांच्या ध्यानातही आलं नाही. दारामागं खिळ्याला सायकलची जुनी ट्यूब टांगलेली असायची. तिचा आवाज छडीसारखा नसतो, धोब्यानं ओलं कापड दगडावर आपटावं तसा असतो, जाड. दादा ओरडायचा नाही. तो मनात आकडे मोजायचा, मी त्याचे ओठ हलताना पाहिलेत. पुढं पुढं त्यालाच कळेनासं झालं होतं की आपण कोणत्या गोष्टी खरंच केल्या आणि कोणत्या नाही. विचारलं की म्हणायचा, "माझ्याकडूनच झालं असन वं."

मार झाला की त्या संध्याकाळी आई बिनतिखटाचं रांधायची. एरवी आमच्याकडे वांग्याची काळ्या मसाल्याची भाजी, पातोड्यांचा लालभडक रस्सा, मिरचीचा ठेचा, असं नाकातोंडातून पाणी काढणारं जेवण. पण फुटलेल्या ओठाला ते कसं चालणार, म्हणून मुगाची पातळ खिचडी, वर तूप. आई बोलायची काही नाही, खिचडी करायची. बाबांनाही तीच वाढली जायची आणि तेही मुकाट्यानं खायचे. शेजारच्या तेलुगू काकू कधी वाटी द्यायला मागच्या दारानं आल्या आणि गॅसवर खिचडी दिसली, तर वाटी ठेवून तशाच मागं फिरायच्या. मला अजूनही मुगाची खिचडी घशाखाली उतरत नाही. आजारी पडले तरी मी भाकरीच खाते.

दादाला प्लांटमध्ये काही लागलं नाही. तो जवळच्या हुडको वसाहतीत पाटणकर मॅडमच्या ऑफिसात ऑपरेटर झाला, आणि माझा कॉम्प्युटरचा डिप्लोमा संपल्यावर त्यानंच मॅडमच्या मागं लागून मलाही तिथं चिकटवलं. मॅडम दुर्गच्या जुन्या मराठी घरातल्या, चाळिशीच्या, एकट्या, अर्धं वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवणाऱ्या. स्टेशनरीच्या दुकानावर त्यांचा एक हॉल होता. एका कोपऱ्यात युनिक्सचं मोठं मशीन आणि त्याला जोडलेले चार टर्मिनल. एका पॅथॉलॉजी लॅबचं काम तिथं चालायचं. लॅबमधून रक्त-लघवीच्या तपासणीचे आकडे यायचे, दादा ते मशीनमध्ये भरायचा, मशीन त्यांचा नीट रिपोर्ट बनवून छापायचं, आणि लॅबचा माणूस गठ्ठा घेऊन जायचा. हे रिपोर्ट बनवणारे सगळे प्रोग्राम पर्ल नावाच्या भाषेत होते. प्रोग्रामची एकेक ओळ वाचून ती मशीनला समजावणारा जो दुभाष्या असतो त्याला इंटरप्रिटर म्हणतात, आणि मॅडमच्या मशीनवरचा तो दुभाष्या जुना झाला होता.

एक दिवस मॅडमनी मला टेबलाजवळ बोलावलं. "देख वर्षा, नवीन प्रोग्राम आला आहे, त्याले नवीन पर्ल लागते. आपल्या मशीनसाठी तयार मिळत नाही, सोर्स आणून इथंच कंपाइल करावं लागेल. नागपूरचा माणूस यायला पंधरा दिवस लावतो. तू करशील?"

"हाव," मी म्हणाले.

"एक बात याद रख. जुन्याले हात लावू नको. नवीन वेगळ्या जागी ठेव, जुनं आपल्या जागी. सगळे रिपोर्ट त्याच्यावर चालून राहिले." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "शनिवारपर्यंत झालं तर रायपूरचं नवीन ऑफिस तुझ्याकडे देते. माझ्या बहिणीच्या घरी वरची खोली रिकामी आहे. दरवाजा वेगळा आहे. राहशील?"

ह्या 'हाव'साठी मला सवयीची गरज पडली नाही. दरवाजा वेगळा. सायकलवरून घरी येताना, रात्री ताट घासताना, अंथरुणात, माझ्या डोक्यात तेवढंच. माझ्या हातानं कडी लावायची आणि माझ्या हातानं काढायची. कुकरला पाहिजे तेवढ्या शिट्ट्या होऊ द्यायच्या. दादा मागं राहील हे माझ्या मनात आलं का? आलं, पण फार वेळ थांबलं नाही. खोटं कशाला लिहू.

गुरुवारी सकाळी मी कामाला लागले. सोर्सपासून बसवणं म्हणजे तयार पीठ न आणता गहू आणून आपल्याच जात्यावर दळणं. आधी एक स्क्रिप्ट चालवायची, ती मशीनचे कोपरे न् कोपरे चाचपून बघते आणि मग तुम्हाला प्रश्न विचारते. प्रश्न तरी किती, बापा. तुमचं मशीन कोणतं, कंपायलर कोणता, अमुक लायब्ररी कुठं, माहितीची पानं कुठं ठेवू, गणितासाठी हे वापरू का ते. प्रत्येक प्रश्नापाशी कंसात तिनं स्वतःच सुचवलेलं उत्तर असतं, ते मान्य असेल तर नुसतं एंटर दाबायचं. पहिले पाचसहा प्रश्न मी वाचले. वेगळ्या जागेचा प्रश्न आला तेव्हा तर जागा तीनदा ताडून बघितली. मग माझ्या बोटाला लय सापडली. प्रश्न स्क्रीनवर पुरता उमटायच्या आत मी एंटर मारत होते. एंटर, एंटर, एंटर. त्यातला एक प्रश्न असा होता की पुष्कळ प्रोग्राम मला जुन्या पत्त्यावरच शोधत येतात, तर तिथंही मलाच बसवू का. कंसात होकार दिलेला होता. मी एंटर दाबलं. प्रश्न माझ्या डोळ्यांपुढून गेला, एवढं नक्की. वाचला नाही.

पुढं मेक, म्हणजे प्रत्यक्ष दळण. पडद्यावर ओळींमागून ओळी धावायला लागल्या, मशीनमधला पंखा घरघरायला लागला, आणि ते तीन-साडेतीन तास चाललं. दादा हातातलं काम करता करता मधूनच मान वळवून विचारायचा, "शिजलं का वं?" दुपारी आम्ही दोघांनी डबा खाल्ला, आईनं दिलेली ज्वारीची भाकर आणि झुणका, आणि मॅडमनी त्यांच्या डब्यातले तांदळाच्या पिठाचे वाफवलेले फरे दिले, लसणाची फोडणी घातलेले. टेस्ट चालवल्या, सगळ्या पास. संध्याकाळी मॅडमनी चिठ्ठीवर लिहून दिलेला मालकाचा पासवर्ड घालून मी इन्स्टॉल केलं. नव्या पर्लला त्याचा आवृत्तीचा आकडा विचारला, त्यानं बरोबर सांगितला. दादानं माझ्या टाळक्यात टपली मारली. टपली, प्रेमाची. आमच्या घरात डोक्याकडे येणारा हात बघून मी तरीही मान आत घेतली होती, आणि ते बघून तो हसायचा थांबला.

शुक्रवारी सकाळी दादानं नेहमीसारखी पहिल्या गठ्ठ्याची आज्ञा दिली आणि रिपोर्टच्या जागी एकच ओळ छापून आली. परत दिली, परत तीच ओळ. तासाभरात लॅबचा फोन आला, मग दुसरा. तिसऱ्यांदा कोणी डॉक्टर स्वतः बोलत होते, इतक्या जोरात की रिसीव्हर मॅडमच्या कानाला असून मला टेबलापलीकडे ऐकू येत होतं. एका पोराचा ताप उतरत नव्हता आणि त्याच्या प्लेटलेटचा रिपोर्ट पाहिजे होता. मॅडमनी ते आकडे हातानं कागदावर उतरवून स्वतः पळवले. बाकीच्यांसाठी टाइपरायटर काढला. नागपूरच्या माणसाचा फोन लागत नव्हता.

मी दादाच्या खांद्यावरून वाकून ती ओळ वाचली. जुना प्रोग्राम आपले जोडभाग मागत होता आणि ते सापडत नव्हते. कुठं सापडत नव्हते, तो पत्ताही ओळीत होता, आणि त्या पत्त्यात मी काल बसवलेल्या पर्लचा आकडा होता. जुन्या प्रोग्रामच्या तोंडी नव्याचा आकडा. मला तिथल्या तिथं कळलं. काल डोळ्यांपुढून गेलेला तो प्रश्न अक्षरासकट परत आला, कंसातल्या होकारासकट.

मॅडम वर आल्या त्या पायऱ्या आपटत. आल्या आल्या म्हणाल्या, "जुन्याले हात कोणी लावला?"

आता हे माझं मीच विचारलेलं आहे स्वतःला, हजारदा. मॅडम हात उगारणाऱ्यातल्या नव्हत्या. फार तर ओरडल्या असत्या. पण हॉलच्या मधोमध उभं राहून कोणी विचारतं, कोणी केलं, तेव्हा गप्प बसायचं आणि दादाकडे बघायचं, हे मला अंगवळणी पडलेलं होतं. एवढंच असतं तर मी स्वतःला केव्हाच माफ केलं असतं. पण त्या दोन क्षणांत मला ती खोलीही दिसत होती, वेगळ्या दरवाजाची. ती दिसत होती म्हणून मी गप्प बसले.

दादा उठून उभा राहिला. "मॅडम, माझ्याकडूनच झालं असन. सकाळी मीच चालवलं."

"असन म्हणजे काय? केलं का नाही केलं?"

"केलं," दादा म्हणाला. त्याला ते खरंच वाटत होतं, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट.

"कल से मत आना," मॅडम म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, "तू पण घरी जा. उद्या बघू."

हुडकोहून सेक्टर सहापर्यंत दादा सायकल मारत होता आणि मी मागं कॅरिअरवर. भर दुपार, रस्त्यावर कोणी नाही. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. निम्म्या वाटेवर तो म्हणाला, "तुह्या रायपूरचं तं काही बिघडलं नाही ना?"

"नाही," मी म्हणाले. त्या दिवशी मला पहिल्यांदा नाही म्हणता आलं, आणि ते यासाठी.

बाबांची फर्स्ट शिफ्ट होती, ते घरी येऊन जेवायला बसले होते. आईनं अवेळी सायकलचा आवाज ऐकला आणि दारात आली, तिचा चेहराच पडला. बाबांनी ताटावरून मान न उचलता विचारलं, "कावून आला इतक्या लवकर?"

"कामावरून काढलं," दादा म्हणाला. "मशीन बिघडलं माझ्या हातून."

बाबा उठले. हात धुतला नाही. पहिली थप्पड डाव्या कानावर बसली, आणि दादाच्या गालाला झुणक्याचं पिवळं लागलं. मग दारामागची ट्यूब निघाली. मी ते सगळं सांगत नाही. इतकंच सांगते की दादा या वेळी आकडे मोजत नव्हता, त्याचे ओठ मिटलेले होते. तो लग्नाच्या वयाचा पुरुष होता, बाबांपेक्षा वीतभर उंच, आणि दोन्ही हात मागं बांधल्यासारखे धरून उभा होता. आई स्वयंपाकघराच्या चौकटीला धरून "पुरे करा, पुरे करा" म्हणत होती, हळू, शेजारी ऐकू जाऊ नये इतकं हळू.

"बाबा, मी केलं," मी म्हणाले. "दादानं नाही केलं. माझ्या हातून बिघडलं."

ट्यूब थांबली. बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि ते हसले. खरंच हसले. "तू? तुले काय समजते मशीनचं?" मग दादाकडे वळून, "आता बहिणीले खोटं बोलाले शिकवतो तू?" आणि उघड्या पंजानं त्याच कानावर दुसरी. ही पहिलीपेक्षा कितीतरी जोरात होती. दादा खाटेच्या लोखंडी पायावर जाऊन आदळला आणि तिथंच बसला. मी परत म्हणाले, मी केलं. परत म्हणाले. बाबांच्या मनगटाला लटकून मी दातांनी कचकून चावले, तोंडात रक्ताची चव आली, आणि ट्यूब माझ्या मानेवर बसली तेव्हा मला कळलं की दादा इतकी वर्षं नेमकं काय सहन करत आला होता. दादा खालून म्हणत होता, "वर्षा, तू कावून मध्ये पडतेस? जाय ना आत." मी त्याला वाचवायला खोटं बोलते आहे असं त्यालाही वाटत होतं. त्या खोलीत माझ्याशिवाय तीन माणसं होती, मी तीनदा खरं बोलले, आणि एकाचाही विश्वास बसला नाही.

बाबा दमले म्हणून थांबले. मनगट नळाखाली धरलं, पाटावर बसले आणि उरलेली भाकर खाल्ली. दादाच्या कानातून बारीक, पाण्यासारखं पातळ रक्त येत होतं. दवाखान्यात आईनं सांगितलं, आंगणात पाय घसरून पडला. डॉक्टरांनी माझ्या मानेकडे बघितलं, आईच्या तोंडाकडे बघितलं, आणि कागदावर 'पडला' असं लिहिलं. पडदा फाटला होता. आधीच्या मारानं तो आतून केव्हाच खराब झालेला होता, असं ते म्हणाले.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटची दीड वर्षं ते अंथरुणाला खिळून होते आणि भरवायला मीच होते, त्यांचे दात पडलेले, म्हणून मुगाची खिचडी. भेटायला येणारे म्हणायचे, तुमचे बाबा कडक होते पण मन चांगलं होतं. कडक भाकर असते. माझा बाप पोरांना मारत होता, आणि त्याच्यासाठी मराठीत सरळ शब्द असताना लोक दुसरे का शोधतात, मला कळत नाही. मी भरवलं, पुसलं, कूस बदलली. माया वाटली नाही. वाटायला पाहिजे होती असंही मला आज वाटत नाही.

त्या मारानंतरच्या शनिवारी सकाळी ओढणी मानेला गुंडाळून मी एकटी हुडकोला गेले. मॅडम टाइपरायटरवर बसल्या होत्या, त्यांना काही न सांगता मी टर्मिनलपुढं बसले. बसवताना दिलेलं प्रत्येक उत्तर ती स्क्रिप्ट एका फाइलमध्ये लिहून ठेवते. ती फाइल काढली, ती ओळ शोधली. जुन्या जागी बसवू का, होकार. ते पान छापून मॅडमच्या पुढं ठेवलं.

"दादानं नाही केलं," मी म्हणाले. "हे उत्तर मी दिलं होतं. न वाचता दिलं होतं."

मॅडमनी पान वाचलं, दोनदा. "आता काय करायचं?"

मी जुन्या जागेची यादी काढली. जुना पर्ल मेला नव्हता. त्याचं नाव तेवढं नव्यानं घेतलं होतं, तो स्वतः आपल्या जुन्या आकड्यानिशी शेजारीच पडून होता. नाव पुन्हा त्याच्याकडे वळवायला एक ओळ लागली. एक. मी ती टाइप केली, गठ्ठ्याची आज्ञा दिली, आणि प्रिंटर करकरत रिपोर्ट काढायला लागला. शुक्रवारी त्या हॉलमध्ये मी तोंड उघडलं असतं तर हीच एक ओळ तेव्हाही पुरली असती. मी खुर्चीवर बसून ढसाढसा रडले, आणि मॅडमना वाटलं काम झाल्याच्या आनंदानं.

"कब पता चला तुझे?" मॅडमनी विचारलं.

"काल घरी गेल्यावर," मी म्हणाले. "विचार करता करता."

ओढणी सरकली होती. मॅडमनी माझ्या मानेवरचा वळ बघितला. "हे काय?"

"बाबांनी मारलं. दादाले जास्त मारलं. त्याचा कान गेला."

हे मी बाहेरच्या माणसाला पहिल्यांदा सांगत होते. मॅडम खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "तू सोमवारीच रायपूरले निघ. बहिणीले मी फोन करते."

"मॅडम, त्या ऑफिसात न् त्या खोलीत दादाले पाठवा."

"आणि तू? त्या घरात राहशील?"

हा प्रश्न मी पुरता ऐकला. शेवटच्या शब्दापर्यंत. नाही म्हणता येतं हेही मला ठाऊक होतं, आणि त्या घरात दादा नसला की बाबांचा हात कुणाकडे वळेल तेही ठाऊक होतं. वळलाही, पुढं तीन वर्षं. "हाव," मी म्हणाले.

दादा तयार होईना. मॅडम स्वतः घरी येऊन त्याच्याशी बोलल्या, बाबा शिफ्टला असताना. आईनं पहिल्यांदा आपलं मत सांगितलं, "जाय बाबू. आता जाय." पुढच्या आठवड्यात पावर हाउस नावाच्या आमच्या स्टेशनवर मी त्याला सोडायला गेले. सकाळची वेळ, बाहेर ऑटोवाल्यांचा कालवा. दादाच्या कानात कापूस होता, एका हातात पेटी, दुसऱ्या हातात आईनं बांधलेल्या पातोड्यांचा डबा. तो सारखा रूळ बघत होता. पॅसेंजरला वेळ होता, आणि मला वाटलं, आता बोललं पाहिजे. बाबांना सांगितलं ते अर्धं होतं, मॅडमना सांगितलं त्यात खोट होती. ज्याचा कान गेला त्याला तरी पूर्ण सांगू.

"दादा," मी म्हणाले, "मॅडमनं विचारलं ना, कोणी हात लावला म्हणून, तेव्हाच मले माहीत होतं. मारायच्या आधीपासून माहीत होतं. रायपूरची खोली जाईल म्हणून मी चूप बसली."

तो रूळांकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग आला नाही, काहीच आलं नाही, आणि मला वाटलं, त्यानं ऐकलं आणि सोडून दिलं. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं. मग माझी ओढणी वाऱ्यानं त्याच्या हाताला लागली, तसा तो आख्खा वळला आणि उजवा कान माझ्याकडे करून म्हणाला, "काही म्हणली का वं?"

मी त्याच्या डाव्या बाजूला उभी होते.

"नाही," मी म्हणाले. "पोहोचला की फोन कर."

दादा अजून रायपूरलाच आहे, संसारात आहे, पोरांवर त्यानं कधी हात उचललेला नाही. महिन्या-दोन महिन्यांनी मी जाते. जेवायला बसलो की मी आठवणीनं त्याच्या उजव्या बाजूला बसते, आणि वांग्याच्या भाजीपासून पोरीच्या लग्नापर्यंत आम्ही सगळं बोलतो. तेवढं एक सोडून.